नीटनेटक्या घराचा ब्लॉग

निवृत्त झाल्यावर काकांनी ब्लॉग काढायचं मनावर घेतलं. मथळ्याचा रंग ठरवण्यातच दोन महिने गेले. मग लोक इंटरनेटवर काय शोधतात ते पाहून त्यांनी पहिला लेख लिहिला, 'घर नीटनेटकं कसं ठेवावं'. खरं तर घरात त्यांनी कधी इकडची काडी तिकडे केली नव्हती.

लेख वाचला फक्त काकूंनी. खाली त्यांनी प्रतिक्रिया टाकली, "लेख छान. लेखकाने पलंगावरचा ओला टॉवेल उचलावा. लेखकाची बायको."

भाचीने ती मैत्रिणींना पाठवली आणि ब्लॉगवर झुंबड उडाली. "काकू, आमच्याकडेही हीच तऱ्हा! अजून लिहा," असा आग्रह सुरू झाला. लेखाबद्दल कोणी चकार शब्द काढेना.

काका आधी फुगून बसले, पण वाचकांचा आकडा पाहून विरघळले. "अगं, तूच लिहीत जा ना."

"लिहीन की. पण केर कोण काढणार?"

आता काकू रोज सकाळी लिहायला बसतात. काका झाडू थांबवून विचारतात, "झालं का गं? लोक वाट बघताहेत."

"कोपरे नीट काढा, तोवर सुचेल काहीतरी."