कान्हाची रेघ

भागुबाईने जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या चिंधीत बांधल्या आणि ती पुरचुंडी नातवाच्या झबल्याआड, करदोट्याला अडकवली. वरून दुपटं घट्ट गुंडाळलं.

"घे आता त्याला," ती सुनेला म्हणाली. "आन तोंड बंद ठेव."

सगुणाला हे सांगायची गरज नव्हती. तिचा पहिला मुलगा या कान्हासारखाच वाळत गेला, अलिबागच्या इस्पितळात नेला आणि परत आला तो बापाच्या हातांवर, झाकलेला. तेव्हापासून घरात अलिबागचं नाव कुणी काढत नसे. आणि नर्सबाईंचा नियम तर सगळ्या कोळीवाड्याला पाठ होता. कागदावरची वजनाची रेघ खाली आली की पोर अलिबागला.

भागुबाईला खरं तर काट्याचंच वावडं. बाजारात ती मासळी नुसती हातावर झेलून वजन सांगायची, आणि वाण्याने काट्यावर टाकून पाहिली तरी तेवढीच भरायची.

काशीदच्या धर्मशाळेच्या ओट्यावर वेणूबाई नर्स काटा टांगून बसल्या होत्या. महिन्यातून एकदा त्या यायच्या. पोर झोळीत घालायचं, वजन बघायचं, त्याच्या तक्त्यावर ठिपका द्यायचा आणि मागच्या ठिपक्याला जोडायचा. उघडं पोर चारचौघांत तोललं तर नजर लागेल म्हणून बायांनी पहिल्याच दिवशी गोंधळ घातला, तेव्हा कपड्यांसकट तोलायला त्या कबूल झाल्या होत्या. बिचारीला वाटलं, झबल्याचं वजन ते काय असणार.

कान्हा झोळीत गेला.

"छान चढतेय रेघ," वेणूबाईंनी तक्ता उंच धरून सगळ्यांना दाखवला. "बघा, बाळ असं वाढायला हवं. आणि गुणी किती, जरा म्हणून रडत नाही."

दुधाच्या पावडरीचा एकच डबा उरला होता. तो त्यांनी येसूबाईच्या नातीला दिला, कारण तिची रेघ होती तिथेच अडली होती. ती पोरगी आजीच्या मांडीवर हातपाय झाडत ओटा दणाणून सोडत होती.

सगुणा ते रडणं ऐकत राहिली. कान्हा असा शेवटचा कधी रडला होता, ते तिला काही केल्या आठवेना. हल्ली तो नुसता कण्हायचा, आणि पाजायला घेतला की जरासं ओढून डोळे मिटायचा. पहिलासुद्धा शेवटी शेवटी असाच गुणी झाला होता.

कान्हा अजून झोळीतच होता. तिने आत हात घातला, करदोट्याची गाठ सोडली आणि पुरचुंडी नर्सबाईंच्या टेबलावर ठेवली. शिसं लाकडावर वाजलं, तशा ओट्यावरच्या बायांच्या माना वळल्या.

आता नर्सबाई फाडून खाणार, असंच तिला वाटलं. पण वेणूबाईंनी चिंधी उघडून पाहिली, काट्याकडे पाहिलं आणि तक्त्यावर नवा ठिपका दिला. तो मागच्या ठिपक्याच्या कितीतरी खाली गेला.

"आजच निघायचं. मी येते बरोबर."

"न्हाय जायाचं," भागुबाई मध्ये आली. "त्या अलिबागनं माजा एक नातू खाल्ला हाय."

"अलिबागनं न्हाय, आय." सगुणाने पोराला झोळीतून उचललं. "डागदर बोलला व्हता, आदी आनला असता तर वाचला असता. आपन अंगारे लावीत बसलो. तुमच्या जिवाला लागंल म्हनून मी सांगितलं न्हाय."

भागुबाईने टेबलावरच्या गोळ्या पदरात घेतल्या आणि ओटा उतरून चालू लागली.

"म्हातारी रुसली," कुणीतरी कुजबुजलं.

सगुणा हादरलीच होती. सासू रुसली, नवरा समुद्रावर, आणि अलिबागची तीच वाट पुन्हा चालायची. पोराला छातीशी धरून ती वेणूबाईंबरोबर किनाऱ्यावर पोचली, तर येसाजी तांडेलाचा मचवा पाण्यात लोटलेला होता आणि भागुबाई त्यात आधीच जाऊन बसली होती. तिने दोन्ही हात पुढे केले.

"दे."

सगुणाने कान्हाला तिच्या हातांवर ठेवलं. बाजारात मासळी झेलावी तसे ते म्हातारे हात सवयीने जरासे खालीवर झाले आणि थांबले.

"माज्या हातांना ठावं व्हतं गं," भागुबाई म्हणाली. "पयल्याच्या येळेलाबी ठावं व्हतं."