हाताची ग्वाही

मिस्त्रींनी हात लावून "थंड आहे" म्हटलं, की गिऱ्हाईक पुढे प्रश्न विचारत नसे. वर्कशॉपात मीटर होता, तापमान दाखवणारी गनही होती, पण ती मेहुण्याची खेळणी. जाड तारा जिथे नटाखाली आवळलेल्या असतात तिथे जोड नीट बसला नसेल तर तो तापतो, आणि तापलेला जोड ओळखायला मिस्त्री दोन बोटांची मागची बाजू टेकवत, ताप आलेल्याच्या कपाळाला टेकवावी तशी. तीस वर्षांत या बोटांची पत अशी झाली होती, की जुनी गाडी विकत घेणारा आधी ती त्यांच्या हाताखालून काढून घेई. लोकांना निदान नको असतं, कुणीतरी ठामपणे बोललेलं हवं असतं. मिस्त्रींना हे फार लवकर उमगलं होतं.

अडचण एवढीच होती, की गेली दोन वर्षं त्या बोटांना काहीच कळत नव्हतं.

साखरेच्या आजाराने आधी पायाची बोटं बधिर केली, मग हाताची. बायकोला ठाऊक होतं. उकळत्या चहाचा स्टीलचा पेला ते खुशाल मुठीत धरून बसले होते, तेव्हा तिनेच ओरडून तो काढून घेतला होता. मेहुण्याला संशय होता. पण बहिणीचं घर ज्या हातावर चाललंय त्या हाताबद्दलचा संशय माणूस चारचौघांत बोलून दाखवत नाही, पोटात ठेवतो. आणि मिस्त्री वेळ मारून नेत होते. शंभरातले पंचाण्णव जोड तसेही थंडच असतात. डोळे मिटून "थंड" म्हणणारासुद्धा पंचाण्णव वेळा खरा ठरतो, आणि एवढ्यांदा खरा ठरलेला माणूस उरलेल्या पाचांची आठवण ठेवत नाही.

मास्तरांची मोटरहोम त्या दिवशी अकराच्या सुमारास फाटकातून आत आली, सात आठवड्यांत तिसऱ्यांदा.

मास्तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. बायकोला अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांनी घर भाड्याने देऊन हे चाकांवरचं घर घेतलं. कल्पना बाईंची. "भिंतींकडेच बघत पडायचं तर भिंती हलत्या तरी असू देत," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. गाडी मात्र सपाट उभी राहायला हवी. जरा उताराला लागली की बाई लुळ्या बाजूला घसरत आणि थुंकी घशात जाऊन गुदमरत. म्हणून मुक्काम आला की मास्तर एक बटण दाबत, पंप सुरू होई, आणि गाडीखालून चार लोखंडी पाय उतरून तिला उचलून धरत. तो पंप होता गाडीच्या कुशीतल्या एका कप्प्यात, बरोबर बाईंच्या पलंगाखाली.

"काय मास्तर, पुन्हा? आमच्यावाचून करमत नाही वाटतं," मिस्त्री म्हणाले.

"तुमच्यावाचून चालत नाही, करमायचं कसलं? काल तीन पाय उतरले आणि चौथा अर्ध्यातच बसला. पंप नुसता कण्हतोय. दोन तास मी तिला उशांचे टेकू देत होतो."

"बघू. दाबा बटण."

मिस्त्री कप्प्यापुढे उकिडवे बसले. पहिल्या खेपेला पंपामागचा जोड सैल निघाला होता, आणि तो त्यांनीच खोलून पुन्हा आवळला होता. तिथे वाकून नटाचं टोक तेवढं दिसतं, बाकी डोळा पोचत नाही, पंपाला वळसा घालून हात आत घालावा लागतो आणि नट, वॉशर, तारेचं टोक सगळं बोटांनी चाचपून लावावं लागतं. वर्कशॉपात हे काम फक्त त्यांचं. दुसऱ्या खेपेला त्यांनी हात लावला होता, "थंड आहे, बॅटरी चार्ज करा" असं सांगितलं होतं आणि मास्तरांना वाटेला लावलं होतं.

पंप घरघरला. पाय टेकले, गाडीचं वजन त्यांच्यावर आलं तशी घरघर जड झाली. मिस्त्रींनी हात आत घातला, बोटं जोडावर टेकवली आणि सवयीने मान डोलावली.

"जोड थंड आहे, मास्तर. नवीन बॅटरी टाका आता, ही दमली."

मास्तर गाडीच्या दारात उभे होते. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे हिला भासच होत होता म्हणायचं."

"कसला भास?"

"अहो, पाय उतरवले की ही म्हणणार, जळका वास येतोय. दर वेळी! मी गाडीच्या खाली, वर, सगळीकडे नाक घालून आलो. माझं नाक सर्दीने जन्माचं बंद. शेवटी सांगितलं, बाई, मिस्त्रींनी स्वतः हात लावून बघितलंय. तर माझ्यावरच चिडली, रडली. डॉक्टर म्हणाले, मेंदूला असा झटका बसला की नसलेले वास येतात कधीकधी. गोळ्या दिल्यात. आता वासाचं नाव काढत नाही. झोपूनच असते म्हणा, पण शांत आहे."

मिस्त्री ऐकत राहिले. हात जिथे होता तिथेच राहिला. ऐकताना हात कुठे ठेवलाय याचं भान ज्याच्या त्याच्या कातडीला असतं, मिस्त्रींच्या कातडीने ते काम सोडून दोन वर्षं झाली होती.

मेहुणा मीटर घेऊन आला, वाकला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, हात काढा."

"थांब जरा."

"दाजी, हात काढा म्हणतो ना!" त्याने मनगट धरून ओढलंच. बोटांवरची कातडी पांढरी पडली होती आणि एका जागी सोलून जोडालाच चिकटून राहिली होती. दोघांनी ती पाहिली. मास्तर दारात होते, त्यांना कप्प्यातलं दिसत नव्हतं.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही, खरचटलं," मेहुणा म्हणाला, आणि आवाज खाली आणून, "कधीपासून?"

"पंप बघ तू."

मेहुण्याने जोडावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, कारण चकचकीत धातूवर गन खोटं बोलते. पंप पुन्हा चालवला आणि गन रोखली. एकशे अठरा अंश. मग बॅटरीची तार सोडवून त्याने पंपच बाहेर घेतला, म्हणजे जे आजवर चाचपायचं होतं ते बघता येईल. तारेच्या टोकाखाली, जिथे धातूला धातू भिडायला हवा, तिथे वॉशर बसला होता. तापून निळा झालेला. वॉशर टोकाच्या वर हवा, नटाखाली. भोवतालचं प्लास्टिक करपून तपकिरी झालं होतं आणि तारेचं आवरण बोटभर वितळलं होतं.

हे कुणाच्या हातचं काम, हे विचारायची गरज नव्हती. पूर्वी मिस्त्री आंधळ्या जागेत वॉशर मोजून सांगत, एक की दोन.

"अजून चार-सहा मुक्काम, आणि पलंगाखाली आग होती," मेहुणा पुटपुटला. "ऐका माझं. रस्त्याच्या धक्क्याने कालच ढिला झाला असं मी सांगतो. तुम्ही गप्प बसायचं. ताईचा विचार करा. तुमच्या हातावर बोट ठेवलं ना लोकांनी, तर उद्यापासून या फाटकातून मांजरसुद्धा येणार नाही."

"आणि मागच्या खेपा?"

"मागच्या खेपा मास्तरांनी विचारल्यात? नाही ना? मग न विचारलेलं आपण का सांगायला जावं?"

मेहुण्याचं काम वाईट नव्हतं. त्याने जळलेला तुकडा कापला, नवं टोक दाबून बसवलं, धातू घासून लख्ख केला, वॉशर जागेवर घातला. पंप चालवला. गनने चौतीस दाखवले. चारही पाय एका दमात उतरले. मिस्त्री जखमेवर चिंधी गुंडाळून बाजूला बसले होते. जखम दुखत नव्हती, आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं.

"कालच ढिला झाला म्हणता?" मास्तरांनी विचारलं.

"कालच. रस्ते काय लायकीचे आहेत, बघताय ना," मेहुणा म्हणाला.

"नशीब बघा, तुमच्या जवळपास असताना झाला." मास्तर खूश होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "बारा वाजले. तिची गोळी देऊन येतो, मग निघतो."

मास्तरांनी पायरीवर पाय ठेवला. मेहुणा अवजारं गोळा करू लागला, जरा जास्तच आवाज करत. मिस्त्रींनी मनात सगळं जमेला आणि खर्चाला धरून पाहिलं. एका बाजूला तीस वर्षं होती, बायको होती, मेहुण्याची दोन पोरं होती. दुसऱ्या बाजूला एक गोळी. कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता.

"मास्तर, गोळी देऊ नका."

मेहुण्याच्या हातातला पाना थांबला.

"का हो?"

"वास खरा होता. काल नाही ढिलं झालं काही. पहिल्या खेपेला मीच चुकीचं बसवलं. दुसऱ्या खेपेला हात लावला तेव्हाही तापलेलंच असणार. मला कळत नाही, मास्तर. बोटं मेलीत माझी."

मास्तर पायरीवरून उतरले नाहीत, वरही गेले नाहीत. "सात आठवडे," ते म्हणाले. मग दाराची कड धरून, "मी तिला म्हटलं होतं, तुझ्या नाकापेक्षा मिस्त्रींचा हात शहाणा."

ते आत गेले. गाडीची भिंत पातळ, बोलणं बाहेर ऐकू येत होतं.

"अगं, उठ जरा. ऐकतेस ना? तुला वास यायचा ना, जळका? तो खरा होता."

पलंग करकरला. जीभ जड झालेला आवाज आला, "कुठला?"

"वास गं. तू म्हणायचीस ना रोज."

"मी?" पलंग पुन्हा करकरला. "नाही हो. मला नाही येत कसला वास. खरंच नाही येत." हे बाई घाईघाईने म्हणाल्या, कुणी रागावेल अशा सुरात.

मेहुण्याने मिस्त्रींकडे पाहिलं नाही. "झालं समाधान?" तो म्हणाला. "ना तिचं भलं, ना आपलं."

मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात वही आणि पेन होतं. ओरडले असते, तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं.

"लिहून द्या," मास्तर म्हणाले. "डॉक्टर माझ्या तोंडी सांगण्यावर गोळी बंद करणार नाहीत. म्हणतील, नवरा हळवा झालाय. तुमच्या अक्षरात हवं."

"दाजी, कागदावर नको," मेहुणा म्हणाला. "कागद चार हातांत फिरतो."

मिस्त्रींनी वही गुडघ्यावर घेतली. पेन बोटांत बसत नव्हतं, किती जोराने धरलंय ते कळत नव्हतं. चार ओळींनी पाव तास घेतला. जोड, पंप, पलंगाखालची जागा, वितळलेली तार. शेवटची ओळ अशी होती, की रुग्णाला येणारा जळका वास कदाचित खरा असावा.

मास्तरांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्या वाचलं, आयुष्यभर पोरांच्या वह्या वाचल्या तसं. मग वही परत पुढे केली.

"'कदाचित' खोडा," ते म्हणाले. "आणि 'असावा' नको. 'होता' लिहा."

मिस्त्रींनी खोडलं. पेनाचं टोक कागद फाडून खालच्या पानात घुसलं.

"आता तारीख. आणि हात कधीपासून गेलाय, तेही."

मिस्त्रींनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा फाटकाकडे तोंड करून उभा होता. त्यांनी मान खाली घातली आणि दोन वर्षं असं लिहिलं.