लखमाची काडीमोड

मेडशीच्या बबनरावाची बायको मेली आणि दुसऱ्याच वर्षी त्यानं पंचफुलाशी पाट लावला. पंचफुलानं पहिल्या नवऱ्याशी रिसोडकडच्या पंचांसमोर काडीमोड घेतली होती. बबनरावाची पोर लखमा तेव्हा पंधरा वर्षांची. तिनं सावत्र आईच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही. आल्यागेल्या बायांना ऐकू जाईल असं म्हणायची, "एक दार वलांडून आली ही, हे बी वलांडन."

पंचफुलाही काही गरीब गाय नव्हती. तिनं लखमाच्या मेलेल्या मायची लुगडी फाडून वाकळ शिवली आणि ती आपल्याच अंगाखाली अंथरली.

लखमाचं लग्न झालं, तसं घर थंडावलं. पण पुढच्या वर्षी ऐन ज्वारीच्या सोंगणीत ती बोचकं घेऊन एकटीच दारात उभी राहिली. कानाची पाळी फाटलेली. नवऱ्यानं बाळी ओढली होती.

पंचफुलाला आधी झाला तो आनंदच.

"काहून वं? वलांडलं का दार?"

तेवढ्यात बबनराव वावरातून गाडी घेऊन आला. पोरीला पाहून त्यानं बैलच सोडले नाहीत.

"चाल, बस गाडीत. आताच पोचवतो."

"मी नाही जात, बा. मारते तो."

"नाही कशी? लोकं म्हनतीन, हिच्या वळनावर गेली!" त्यानं हनुवटीनं पंचफुलाकडे दाखवलं.

एवढ्या वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता. पंचफुलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पुढे होऊन त्याच्या हातातला कासरा हिसकला.

"मंग मले बी माह्या पयल्या घरी सोडून या. वाटेतच हाय ते."

बबनराव पाणीही न पिता मारुतीच्या पाराकडे निघून गेला.

"तुह्या उपकाराची गरज नाही मले," लखमा फणकारली.

"उपकार कोन करते? सकाऊन सोंगनीले चालावं लागन. फुकट नाही खाऊ घालत मी."

त्या रात्री लखमा भिंतीकडे तोंड करून जेवली.

उन्हाळ्यात लखमाच्या काडीमोडीसाठी पंच बसले, तेव्हा बबनरावानं अंग दुखण्याचं निमित्त काढलं. लखमाबरोबर पंचफुला गेली. नवऱ्याकडच्या माणसांना तिनं अशा शिव्या हासडल्या, की पंचांनी लवकर उरकलं. परतताना दोघी गाडवाटेच्या दोन कडांनी चालल्या. घरी पोचल्यावर चूल कुणी पेटवायची, यावरून त्यांचं जुंपलं ते शेजारपाजार गोळा होईपर्यंत.