कोरड्या संध्याकाळी

"ज्ञानू, फेस वर येऊ दे की लेका!" सयाजी पैलवान ग्लास पुढं करत ओरडला.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर आम्ही रोज संध्याकाळी ज्ञानू गवळ्याच्या म्हशीची धार थेट ग्लासात घेऊन प्यायचो. समोर दहा हातांवर धर्मादाय दवाखान्याच्या फाटकाशी मेहमुदा उपोषणाला बसली होती. तिसरा दिवस. त्या दवाखान्यात ती एकोणीस वर्षं आया होती, अजून 'हंगामी'. आजाऱ्याची घाण काढायला कुठला हंगाम, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. 'कायम करा', एवढंच तिचं मागणं.

"पावणं, तेवढी सही करा," युनियनचा बाळासो कागद धरायचा. आम्ही ग्लास दाखवायचो. हात गुंतलेत म्हणून.

"उद्या उठतीया बघ म्हातारी," सयाजी मिशीवरचा फेस पुसत म्हणाला.

तेवढ्यात मेहमुदा बसल्या जागी कलंडली. पान्हावलेल्या म्हशीच्या सडावरचा हात ज्ञानूनं काढून घेतला आणि बादली पालथी घातली.

"का रं?"

"उपाशी बाईम्होरं धार काढायची न्हाय. तीन दिस काढली, त्येचीच लाज वाटतीया."

शेजारच्या गवळ्यांनीही म्हशी सोडून घरी नेल्या.

दोन संध्याकाळी कोरड्या गेल्या आणि गावाला एकाएकी अन्याय दिसायला लागला. सह्यांना कागद पुरेनात. सयाजी अख्खी तालीम घेऊन निघाला.

"दवाखान्याची काचच ठेवत न्हाय!"

"पैलवान, दगूड उचललासा तर मी मरंपतूर उठनार न्हाय," मेहमुदा पडल्या पडल्या म्हणाली. "बसायचं आसंल तर बसा."

मग पैलवान दवाखान्याच्या दारात मांडी घालून बसले. तासाभरात तिला कायम केल्याच्या हुकमावर विश्वस्तांची सही झाली. 'कोल्हापूरची माणुसकी जागी झाली,' असं बाळासो भाषणात म्हणाला. टाळ्या वाजल्या. माझ्याही.

ज्ञानूनं पहिला ग्लास मेहमुदाला दिला. दुसऱ्यासाठी आमची रेटारेटी सुरू झाली. तिनं दोन घोट घेतले, हुकूम पदराला बांधला.

"तीन नंबर वॉर्डात कामाला कोन हाय आता?"

"कुनी न्हाय, भाभी," बाळासो म्हणाला. "पर आज ऱ्हाऊ द्या की."

ती भिंतीला धरून निघाली. मी वॉर्डापर्यंत सोबत गेलो. मोरीत आजाऱ्यांची शौचाची भांडी पाच दिवस तशीच पडली होती. मी नाकाला रुमाल लावून दारातच थांबलो. तिनं बाह्या वर सारल्या आणि नळ सोडला.