व्हर्जिलचा नवा डोळा

व्हर्जिलच्या रायफलवर माझा तीस वर्षं डोळा आहे. हे त्यालाही माहीत आहे आणि माझ्या बायकोलाही. त्यामुळे एप्रिलमधल्या त्या सकाळी टॉर्गरसनबाईंच्या लसूणघासाच्या शेतात पालथा पडता पडता तो म्हणाला, "हार्ली, आज दहा गोफर टिपले नाहीत, तर ही रायफल तुझी. मी बंदूक सोडली," तेव्हा मला झालेला आनंद मी लपवला नाही.

गोफर म्हणजे आमच्या मोंटानातल्या बिळं करणाऱ्या खारी. दिसायला गोजिरवाण्या, करणी राक्षसाची. काही वर्षांपूर्वी बाईंच्या घोडीचा पाय असल्याच एका बिळात मोडला. तेव्हापासून बाई दर वसंतात आम्हाला फोन करून शेतावर बोलावतात.

एकेकाळी व्हर्जिल दुपारच्या आत चाळीस टिपायचा. मग उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. फेब्रुवारीत ऑपरेशन केलं, नवं भिंग बसवलं. आज त्या डोळ्याची परीक्षा होती.

दुपारपर्यंत माझे बारा झाले. त्याचा एक, तोही बहुधा आवाजाला घाबरून मेला असावा.

"अरे, ते बघ, तुझ्यासमोर येऊन बसताहेत," मी म्हणालो. "सगळ्या शेतात तीच जागा सुरक्षित वाटतेय त्यांना."

"नेम धर आणि तोंड मिट, म्हाताऱ्या."

पुढे पुढे तो उलटून बोलेनासा झाला. पन्नास वर्षांत व्हर्जिलने माझं एकही बोलणं फुकट जाऊ दिलेलं नाही. 

पिकअपच्या मागच्या फळीवर बसून आम्ही जेवायला काढलं. हरणाच्या सॉसेजचे सँडविच, थर्मासमधली कॉफी, माझ्या बायकोने केलेला गाजराचा केक. व्हर्जिल डाव्या डोळ्यावर हात धरून दूर रस्त्याकडे बघत होता.

"बाई येताहेत. आणि सिगारेट पुन्हा सुरू केलेली दिसतेय."

मी डोळे ताणले. मला नुसती धूळ दिसत होती. गाडी जवळ आली, काच खाली झाली, आणि बाईंच्या ओठांत खरोखरच सिगारेट होती.

म्हणजे डोळा ठणठणीत होता!

मी हळूच त्याच्या रायफलीकडे पाहिलं. रायफलवर बसवलेल्या दुर्बिणीच्या मागच्या टोकाला, डोळ्यापाशी, नजरेप्रमाणे फिरवायची एक कडी असते. मोतीबिंदू वाढेल तशी व्हर्जिल ती दरवर्षी थोडी थोडी फिरवत गेला होता, आणि हलू नये म्हणून वर काळी टेप गुंडाळली होती. डॉक्टरांनी डोळा बदलला, पण कडी अजून जुन्याच डोळ्याला लावलेली होती. आत सगळं धुकं दिसत असणार, आणि हा अभिमानी गाढव ते बोलून दाखवणार नव्हता.

मला सगळं कळलं आणि मी गप्प बसलो. केक खात राहिलो. बाई दोन शब्द बोलून गेल्या, तरी मी गप्प. रायफल फार सुंदर आहे हो.

शेवटी मी हात पुसले. "व्हर्जिल, ती टेप काढ."

"कशाला?"

"काढ म्हणतो ना!"

त्याने टेप सोलली, रायफल खांद्याला लावली आणि कडी फिरवायला लागला. मध्येच हात थांबला. 

"हार्ली," तो म्हणाला, "घासाचं पान न् पान दिसतंय रे."

मग जे झालं ते सांगायची मला लाज वाटते. तासाभरात सोळा! प्रत्येक गोळीनंतर तो माझ्याकडे वळून हसायचा, मला शिव्या घालायचा, आणि मीही त्याच्याबरोबर वेड्यासारखा हसत होतो. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी हरलो नव्हतो.

परतताना गाडीत त्याने रायफल मांडीवर घेतली होती.

"जेवतानाच कळलं होतं ना तुला?"

"हो."

"किती वेळ गप्प बसलास?"

मी गिअर बदलला. "केकचे दोन तुकडे."

"मी तीन खाल्ले असते," व्हर्जिल म्हणाला.