उभ्यानं धवले

आगऱ्यांच्या घरी लग्न म्हटलं की भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक घालायचा, त्याच्याशी मांडी घालून बसायचं आणि देवांना, पितरांना नावानिशी गाऊन बोलवायचं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. रेवसच्या आसपासच्या गावांत हे काम कृष्णाबाईचं, आणि आपल्यासारखी दुसरी न्हाय, हे ती कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकायची.

पण गुडघे! मेल्यांनी नुसता वैताग आणला होता. तेल झालं, लेप झाला, पट्टे झाले. शेवटी सून कल्पिता तिला अलिबागला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी गुडघ्यांचा एक्स-रे उजेडात धरला. "हाडाला हाड घासतंय, मावशी. दोन्ही गुडघे बदलू या."

"मग मांडी घालता येईल?"

"मांडी विसरा. जमिनीवर बसणं बंद. बाकी चाला, फिरा, जिने चढा."

कृष्णाबाई टेबल धरून उठली. "चल गो कल्पिता. मांडी न्हाय तर धवले न्हाय. आणि धवले न्हाय तर मी जिने चढून जाऊ कुठं?"

झालं. विषय बंद.

मग थळचं एक लग्न आलं. कृष्णाबाई चौकाशी बसली, गळा तापला, आणि ऐन रंगात गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं दात आवळून गाणं पुढं रेटलं. घरी येऊन पाय शेकायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, नवऱ्यामुलाच्या कुलदेवाला बोलवायचंच राहिलं होतं! मांडवात कुणाला पत्ता नव्हता. पण तिच्या काळजाला ते लागलं. सकाळी जाऊन तिनं त्या घरच्या देव्हाऱ्यापुढं राहिलेला धवला गायला, आणि परत येताना रिक्षातच म्हणाली, "त्या डॉक्टरला फोन लाव."

कल्पिता बघतच राहिली. "आणि मांडी?"

"खड्ड्यात गेली मांडी. देव विसरणारी धवलारीण काय कामाची?"

आधी एक गुडघा झाला, मग दुसरा. व्यायाम करून घ्यायला जागृती नावाची मुलगी घरी यायची. ती पाय वाकवायला लागली की कृष्णाबाई तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि जाताना तिच्या हातात भाकरी-सुकटीचा डबा द्यायची. वॉकर सुटला, काठी सुटली. म्हातारी बंदरापर्यंत चालत जाऊन ताजं म्हावरं घेऊन यायला लागली. चालायची अशी की कल्पिताला मागून धावायला लागायचं. पण लग्नाचं बोलावणं काही येईना. ती आता खाली बसत नाही, हे सगळीकडे पसरलं होतं. कृष्णाबाई वरून हसायची, आतून जळायची.

शेवटी काळूराम पाटलाच्या नातीचं, रुचिकाचं लग्न ठरलं. पोरगी हट्टाला पेटली, धवले गाईल तर कृष्णाआजीच. हळदीच्या दिवशी कल्पितानं चौकाशी खुर्ची ठेवली, आणि काळूराम कडाडला.

"देव जमिनीवर आणि धवलारीण खुर्चीत? माझ्या मांडवात न्हाय चालायचं!"

आज हिला परत पाठवलं, तर पुन्हा कुठल्याच मांडवात हिला कुणी विचारणार नव्हतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"दादांचं बरोबर हाय," कृष्णाबाई म्हणाली. "उचल ती खुर्ची."

कल्पिताला रडूच फुटलं. "आई, खाली नका हो बसू!"

"बसतंय कोण?"

पदर खोचून, चौकापुढं दोन्ही पाय रोवून ती उभी राहिली आणि तिनं सूर लावला. अगं बाई, काय तो आवाज! पोट मोकळं, छाती मोकळी, दुखणं गिळायचं नाही. इतकी वर्षं गुडघेच तिचा अर्धा गळा खात होते. स्वयंपाकाकडच्या बाया पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. एकेक देव आला. मग पितर आले, काळूरामचा आजा, बाप, आणि तो लहान असताना गेलेली त्याची आई, गोदू. एकही नाव सुटलं नाही. कृष्णाबाईला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

धवले संपले. खाली बसलेला काळूराम उठायला गेला तो कंबर धरून अर्ध्यातच अडकला. कृष्णाबाईनं हात देऊन त्याला उभं केलं. उठल्यावरही त्यानं तो हात सोडला नाही.

"कृष्णे," तो डोळे पुसत म्हणाला, "आईचं नाव घेतलंस ना, तेव्हा वाटलं, खरंच आली ती."

"आलीच असणार," कृष्णाबाई म्हणाली. "मी बोलावलं होतं."