अण्णांचा फोटो मीच काढला

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. मी एक जुना ट्रायपॉड आहे, आणि अण्णांचा एकुलता एक चांगला फोटो मी काढला आहे. कॅमेऱ्याने नव्हे. मी.

आधी माझं कूळ ऐका. माझे दोन पाय एका कारखान्यातले, तिसरा मुळात सायकलच्या पंपासाठी कापलेल्या नळीचा. ज्या फिटरने तिघांना एकत्र आणलं, त्याने मला उभं करून वरून दाबून पाहिलं आणि म्हणाला, "हा पडायचा नाही." नाही पडलो. एका समारंभात व्यासपीठ कोसळलं, शंभर पाहुणे खुर्च्यांसकट खाली आले, मी होतो तिथेच होतो. एकदा भूकंपात अख्खं गाव हललं. त्या वेळी काढलेला फोटो तेवढा हलला नाही.

अण्णांच्या स्टुडिओत मी एकतीस वर्षं उभा होतो. स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला मोठी खिडकी, मागे राखी पडदा, पडद्यापुढे पाठ नसलेली फिरती खुर्ची. ओळखपत्राच्या फोटोसाठी माणसं यायची, आरशाजवळ दोरीने बांधलेल्या कंगव्याने भांग पाडायची आणि खुर्चीवर बसली की दगड व्हायची. अण्णा प्रत्येकाला एकच सांगत, "हसू नका. हसायच्या आधी थांबा." त्या थांबण्यात माणूस जसा असेल तसा सापडायचा.

माझ्या डोक्यावर एक चकती आहे आणि चकतीत नाण्याने फिरवायचा एक स्क्रू. तो कॅमेऱ्याच्या तळाशी बसतो. कंपन्या वरून काय वाटेल ते भांडोत. एकीची लेन्स दुसरीला लागत नाही, एकीची बॅटरी दुसरीला चालत नाही. पण तळाला स्क्रू बसायचा आटा सगळ्यांचा एकच. मी सगळ्यांना तळातून ओळखतो, म्हणून सांगतो.

अण्णांची दोन्ही मुलं मात्र वरूनच ओळखत होती. थोरला निळ्या पट्ट्याच्या कंपनीचा, धाकटा हिरव्या पट्ट्याच्या. त्या कंपन्यांच्या मालकांनी या दोघांना कधी चहासुद्धा विचारला नसेल, पण त्यांच्यापायी हे सख्खे भाऊ एका पंगतीला बसेनासे झाले. थोरला म्हणायचा, "तुझ्या कॅमेऱ्यात माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो." धाकटा म्हणायचा, "आणि तुझ्यात मेणाचा दिसतो. नाक वितळायचं तेवढं बाकी." गिऱ्हाईक खुर्चीवरून दोघांकडे बघत राहायचं आणि बिचारं हसायच्या कितीतरी आधीच थांबायचं.

मग अण्णांच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि स्वतःच खुर्चीवर बसले. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे राहिलेला माणूस. घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता.

"काढा रे एक," ते म्हणाले. "खिडकीच्या उजेडात. दिवे नकोत मला."

मुलांची आई दाराशी उभी होती. "मला हवाय तो," ती म्हणाली. एवढंच.

थोरल्याने निळा कॅमेरा चढवला. धाकटा म्हणाला, "अण्णांचा एकच फोटो निघणार, तोही ह्याच्यात? मेणाचा पुतळा लावायचाय का भिंतीवर?"

भिंतीवर हा शब्द ऐकला आणि आई आत निघून गेली. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. धाकट्याने नाणं काढून माझा स्क्रू सोडवला आणि हिरवा चढवला.

"वडील माझेही आहेत," थोरला म्हणाला. "काविळीचे पेशंट नाहीत ते." आणि त्याने नाणं हिसकावलं.

"अरे, दोघांनी एकेक काढा की," अण्णा म्हणाले.

"चालेल," थोरला म्हणाला, "पण आधी मी."

"का? आधी जन्मलास म्हणून?"

निळा वर, निळा खाली, हिरवा वर, हिरवा खाली. नाणं चार वेळा फिरलं. अण्णांनी दोनदा केस सारखे केले, एकदा कॉलर. उजेड त्यांच्या गालावरून खांद्यावर आला, खांद्यावरून जमिनीवर उतरला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"उजेड गेला," ते म्हणाले. "आता आल्यावर बघू."

अण्णा आले नाहीत.

आज भिंतीवर जो फोटो आहे तो एका गिऱ्हाइकाने कधीतरी गमतीने काढलेला. त्यात अण्णा समोरच्याचा फोटो काढताहेत. चेहऱ्याच्या जागी कॅमेरा आहे, तोही तिसऱ्याच एका कंपनीचा, जी केव्हाच बुडाली. वर कपाळाची पट्टी आणि बाजूला एक कान. "कान त्यांचाच आहे," आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि रोज पदराने काच पुसते.

भाऊ वेगळे झाले. स्टुडिओतलं सगळं वाटून घेतलं, मला कोणी मागितलं नाही. दोन वर्षांनी थोरल्याने हिरव्या कंपनीचाच कॅमेरा घेतला. "आता त्यांनी रंग सुधारलाय," म्हणाला. धाकटा मोबाइलवर काढतो. माझा पंपाच्या नळीचा पाय त्याच्या घरी पडद्याची दांडी झाला. उरलेल्या दोन पायांवर मी आईच्या माळ्यावर त्याच फिरत्या खुर्चीला टेकून आहे. धुळीने आम्हा दोघांचा रंग एक झालाय.

मित्रांनो, वस्तू घेताना जरूर पारखून घ्या. पण ती कोणासाठी उचलली, हे हातात असताना विसरू नका. उजेड कोणत्याच कंपनीचा नसतो आणि तो थांबत नाही.

तरी अण्णांसाठी हळहळू नका. कारण खरी गोष्ट आता सांगतो. उजेड जाता जाता दोघं भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे होते. अण्णा उठण्यापूर्वी क्षणभर थांबले. हसायच्या आधी थांबतात ना, अगदी तसे. बघायला कोणी नव्हतं. मी एकतीस वर्षांचं बळ एकवटलं, मान ताठ केली, बोट नसताना बटण दाबलं. खट्. कपाळ, डोळे, दोन्ही कान, सगळं आलंय त्यात. तो फोटो आहे, मित्रांनो. कुठल्या तरी कार्डात, कुठल्या तरी खणात आहे. शोधा आणि आईला नेऊन द्या, तिची नजर शाबूत आहे तोवर.

"झालं तुझं?" खुर्ची म्हणाली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा बोलली. "मी त्यांच्या खाली होते. ते थांबले होते, हे खरं. पण निळा थोरल्याच्या गळ्यात होता आणि हिरवा धाकट्याच्या हातात. तुझ्या डोक्यावर तेव्हा कॅमेराच नव्हता."